आकडा मोठा, पॅक खरा!

बॅटरी पॅक घेताना एकच पथ्य पाळा. खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा शोधा आणि डोळे मिटून पैसे भरा.

पॅकच्या आत बसणाऱ्या 18650 सेलचंच घ्या. 18 मिलिमीटर व्यास, 65 मिलिमीटर लांबी. नावातच सगळं आलं. नामांकित कारखाने वर्षानुवर्षं डोकं घासून एवढ्याशा नळीत 3500 एमएएचच्या (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपास पोचले. तुमच्या विक्रेत्याने तिच्यातच 9900 बसवलेत! 2019 साली लिथियम-आयन बॅटरीसाठी रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं. तिघांहून जास्त जणांना ते देत नाहीत, नाहीतर याचाही नंबर लागलाच असता.

सेल वजनकाट्यावर मात्र ठेवू नका. चांगला सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो. तुमचा 28 भरला तर उगाच मन खट्टू होईल. माझा विक्रेता त्या मानाने सज्जन. वजन कमी पडू नये म्हणून त्याने पॉवर बँकेत बारीक वाळू भरून दिली होती, तीही चाळलेली.

तीन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडले की व्होल्ट वाढतात, 3.7 चे 11.1 होतात; एमएएच 2500 होते तेवढेच राहतात. खोक्यावर 7500 लिहिलंय? लिहू दे. बेरीज तर बरोबर आहे ना!

वॉट-अवरच्या, म्हणजे पॅकमधली ऊर्जा मोजणाऱ्या मापाच्या, नादाला लागू नका. 20000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे 74 वॉट-अवर. तेच 5 व्होल्टने बाहेर काढायचे तर 14800 एमएएच उरतात, त्यातही रूपांतरात काही वाया जातात. हा हिशेब प्रामाणिक कंपन्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापतात. तुमच्या खोक्यावर तो नाहीच, म्हणजे डोळ्यांना त्रास नाही.

आणि हो, 50000 एमएएचचा पॅक घ्या, ज्यावर ‘विमानात चालतो’ असंही छापलंय. गुणाकार केलात तर 185 वॉट-अवर निघतात. विमानात साधारण 100 चालतात, विमान कंपनीची परवानगी काढली तर 160. तपासणीला अडवलं तर खरं काय ते सांगून टाका, “साहेब, आत एवढं काही नाहीच हो!” साहेब ऐकणार नाहीत. छापलेल्या आकड्यावर तुमच्याइतकाच विश्वास ठेवणारा माणूस तुम्हाला तिथे पहिल्यांदा भेटेल, आणि तो पॅक काढून घेईल.