सेमीकोलन

भाची अकरावी सायन्सला. परवा वही घेऊन आली. "मामा, क्ष घन उणे तीन क्ष अधिक एक बरोबर शून्य. सुटतच नाहीये."

मी बँकेत एकतीस वर्षं व्याज मोजलेला माणूस. घन वगैरे माझ्या खात्यात कधी जमा झाले नाहीत. पण मामेपण पणाला लागलं होतं. म्हटलं, "त्यात काय! कॉम्प्युटरला घालू."

मॅक्झिमा नावाचं गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. १९६८ साली अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेल्या मॅकसिमाचं हे वंशज, म्हणजे घराणं तालेवार. काळ्या खिडकीत 'सॉल्व्ह' लिहिलं, समीकरण टाकलं, एंटर दाबला. काही नाही. कर्सर लुकलुकतोय. विचार करत असेल म्हणून चहा टाकला. चहा झाला, कपात आला, त्यावर साय धरली, तरी याचा विचार चालूच. भाचीला म्हटलं, "बघ, गणित किती अवघड आहे. यंत्रालाही घाम फुटलाय."

तिने मान तिरकी करून पाहिलं. "मामा, सेमीकोलन राहिलाय. ते अजून तुमचं वाक्य संपायची वाट बघतंय."

सेमीकोलन दिला. क्षणात तीन उत्तरं कोसळली. घनमुळात वर्गमूळ, वर्गमुळाशेजारी टक्क्याची खूण आणि तिला चिकटलेला आय. टक्के दिसले की मला धीर येतो. म्हटलं, "हा व्याजाचा दर."

"नाही हो, ते उणे एकचं वर्गमूळ. काल्पनिक संख्या."

इतका वाईट दर मी थकबाकीदारालाही लावला नव्हता.

"पण उत्तरं काल्पनिक कशी येतील?" म्हणत तिने वीजबिल उलटं केलं. क्षला उणे दोन दिलं तर उणे एक येतं, उणे एक दिलं तर तीन. शून्याला एक, एकाला उणे एक, दोनाला पुन्हा तीन. "बघा, चिन्ह तीनदा बदललं. दर वेळी मध्ये कुठेतरी शून्य लागणारच. म्हणजे तिन्ही उत्तरं खरी." गंमत अशी की यंत्र आणि भाची, दोघंही बरोबर होते. गणितज्ञ कार्डानोने १५४५ साली छापलेल्या रीतीने गेलं, तर अशा समीकरणांची खरी उत्तरंही काल्पनिक गल्लीतूनच घरी पोचतात. 'ऑलरूट्स', म्हणजे सगळी उत्तरं आकड्यांत दे, म्हटल्यावर यंत्र शुद्धीवर आलं: १.५३२, ०.३४७ आणि उणे १.८७९.

आता मला चेव आला. क्षचा पाचवा घात उणे क्ष उणे एक बरोबर शून्य. सेमीकोलनसकट. 'सॉल्व्ह'चं उत्तर आलं: शून्य बरोबर क्षचा पाचवा घात उणे क्ष उणे एक. माझंच समीकरण, बाजू बदलून! आम्हीही काउंटरवरून अर्ज परत करायचो, पण निदान शिक्का मारून.

भाची म्हणाली, पाचव्या घाताला सरसकट सूत्र नसतंच, गणितज्ञ आबेलने ते १८२४ सालीच सिद्ध केलंय. हे बोलताना ती वहीत आपल्या पहिल्या समीकरणाखाली काहीतरी खरडत होती. "झालं! क्ष बरोबर दोन कॉस थीटा धरलं. उरतं कॉस तीन थीटा बरोबर उणे अर्धा. थीटा चाळीस, ऐंशी, एकशे साठ अंश." दोन ओळी. वही मिटून ती गेलीसुद्धा.

मी खिडकी बंद करायला 'क्विट' लिहिलं, एंटर दाबला. कर्सर लुकलुकतोय. बहुधा विचार करत असेल. मी पुन्हा चहा टाकलाय.