साठीनंतर वजन उचलायचं नाही?

“साठीनंतर हातातली ताकद जाणारच. जड उचलू नका, सांधे झिजतात. रोज अर्धा तास चाला, स्पंजचा चेंडू दाबा, पुरे.” हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा फिरला. आईने तो वाचला आणि पाण्याची कळशी उचलणंच सोडलं. म्हणून हे लिहिते आहे.

‘ताकद जाणारच.’ अर्धंच खरं. वयाबरोबर स्नायू घटतात आणि ताकद त्याहून वेगाने घटते. पण ती एका मर्यादेखाली गेली की तिला नुसतं ‘वय’ म्हणत नाहीत. आशियाई निकषांनुसार मुठीची पकड पुरुषांत २८ किलोच्या आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली असेल, तर डॉक्टर सार्कोपेनियाचा, म्हणजे स्नायू आणि ताकद प्रमाणाबाहेर घटण्याच्या आजाराचा, संशय घेतात. यंत्र मुठीत दाबलं की आकडा कळतो, मिनिटभराचं काम.

‘जड उचलू नका.’ मला सर्वांत राग याचा येतो. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या १० अशक्त माणसांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम मांड्यांचा होता, हातांचा नव्हे, हे मान्य. पण नव्वदीतला स्नायूही भार दिला की साथ देतो, हे त्यातून दिसलं. वजन हलक्यापासून हळूहळू वाढवायचं, एवढंच.

‘चाला, पुरे.’ चालणं हवंच. त्याने मूठ घट्ट होत नाही.

‘स्पंजचा चेंडू.’ मऊ चेंडू चार दिवसांत सोपा होतो, पुढे भार वाढतच नाही. शिवाय त्यात बोटं फक्त मिटतात. कुकरचं झाकण फिरवायला मनगट लागतं, ब्लाउजचा हुक लावायला चिमूट. ओला टॉवेल पिळा, कणीक मळा, दळणाची पिशवी धरून दहा पावलं चाला, बोटांभोवती रबरबँड घालून ती उघडा.

जेवणाबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. पातळ आमटी-भातावर ती भागत नाहीत. उसळ, दही, पनीर, अंडी, मासे, जे चालतं ते दोन्ही जेवणांत हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि प्रत्येक अशक्तपणा स्नायूंचाच नसतो. रात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येत असतील, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होत असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. मधुमेह्यांत हे जास्त आढळतं. एकाच हातातली ताकद अचानक गेली तर तो पक्षाघात असू शकतो, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.