डेव्होच्या लाल कुंड्यांखाली काय होतं

डेव्हो या अमेरिकन बँडचा निकाल लोक दोन ओळींत लावून मोकळे होतात: डोक्यावर लाल कुंड्यांसारख्या टोप्या घातलेले विदूषक, वाजवायचं काम यंत्राचं, गाणं एकच ‘व्हिप इट’ (म्हणजे ‘चाबकाने झोडा’), तेही चावट, आणि एमटीव्ही या गाण्यांचे व्हिडिओ दाखवणाऱ्या वाहिनीच्या कृपेने चाललेलं. यातलं ‘गाणं एकच’ हे जवळपास मान्य. अमेरिकेच्या बिलबोर्ड या गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या चाळीसात त्यांचं तेवढं एकच पोचलं. बाकीचं मात्र तपासायला हवं.

एमटीव्हीचं आधी उरकतो, कारण तिथे नुसतं कॅलेंडर पुरे. ‘व्हिप इट’ ज्यात आहे तो ‘फ्रीडम ऑफ चॉइस’ हा अल्बम मे १९८० मधला. गाणं त्याच वर्षी रेडिओवर, आधी फ्लोरिडाच्या बाजूला वाजायला लागलं आणि बिलबोर्डवर १४व्या क्रमांकापर्यंत चढलं. एमटीव्ही सुरू झालं १ ऑगस्ट १९८१ला. व्हिडिओसुद्धा गाणं चालल्यावर काढलेला. वरातीमागून घोडं!

आता यंत्रं. सिंथेसायझर भरपूर आहेत, चाबकाचा तो फटकाही सिंथेसायझरचाच. गायक स्टीव्ही वंडरसोबत सिंथेसायझरचं काम केलेला रॉबर्ट मार्गोलेफ सहनिर्माता असल्यावर आणखी काय होणार? पण हेडफोन लावून फक्त खालचा, ड्रम आणि बासचा भाग ऐका. ड्रम खरे आहेत, ॲलन मायर्सच्या हातचे. त्याला ‘मानवी मेट्रोनोम’ म्हणत. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला लेहरा धरून बसणाऱ्याला विचारा, जराही न हलता एकच लय धरून ठेवणं म्हणजे काय ते. माणूस यंत्रासारखा वाजवतोय, आणि कान फसतोय. बास गिटारच्या जागी बँडमधल्या जेराल्ड कसालेने मिनीमूग हा सिंथेसायझर घेतला. त्यातून एका वेळी एकच सूर निघतो, म्हणून तो बास असा सुटसुटीत आणि टोकदार लागतो.

चावटपणाचा आरोप अर्धा त्यांनीच ओढवून घेतला. कसालेने शब्द लिहिले ते टॉमस पिंचनच्या कादंबरीतल्या विडंबनांच्या धर्तीवर, ‘उठा, भिडा, जमेल’ छापाच्या अमेरिकन उपदेशाची टर उडवायला. बँडचा गायक मार्क मदर्सबॉ म्हणायचा, ते राष्ट्राध्यक्ष कार्टरना दिलेलं प्रोत्साहन होतं. लोकांनी भलताच, लैंगिक अर्थ काढल्यावर बँडने व्हिडिओत खरोखरचा चाबूक दाखवला आणि अफवेला खतपाणी घातलं. मला ती खोड आवडते, पण मग लोकांना किती दोष द्यायचा?

राहिले विदूषक. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, चौघे गेले. कसाले तिथे विद्यार्थी होता, मेलेल्यांपैकी दोघं त्याच्या ओळखीची. माणूस पुढे नाही, मागे चालला आहे, ही ‘डी-इव्होल्यूशन’ची थट्टा त्या दिवसानंतर त्याला थट्टा वाटेनाशी झाली. बँडचं नावही त्यातूनच आलं.

अल्बमच्या शीर्षकगीतात एक कुत्रा आहे. त्याला दोन हाडं सापडतात. एक चघळतो, दुसरं चाटतो, गोल गोल फिरतो आणि मरून पडतो. आपण म्हणतो ना, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. पण डेव्हो तिथे थांबत नाहीत. ते म्हणतात, निवडायचं स्वातंत्र्य तुमच्या हातात आहेच, तुम्हाला हवी आहे ती निवडण्यापासून सुटका. आणि हे ज्या तालावर म्हणतात, त्यावर पाय आपोआप हलतो.