आवाज येतोय, माणसं कुठायत?

तीन दिवस झाले, डोकं शांत व्हायला तयार नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ८१ दिव्यांनी औक्षण, झाडून सगळं गणगोत जमलेलं. भाच्याने फोनवर शूट केलं, फोटोग्राफरने कॅमेऱ्यावर. आजीचं एकच म्हणणं, मला ते मोठ्या टीव्हीवर बघायचंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही मोबाइलच्या स्क्रीनवर तिला माणसं ओळखू येत नाहीत. पेनड्राइव्ह भरला, पुण्याहून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी गेलो आणि काकांच्या टीव्हीला लावला.

भाच्याची फाइल टीव्हीला दिसेचना. एमओव्ही होती. कुणीतरी म्हणालं, नावापुढचं एमओव्ही खोडून एमपी४ कर. केलं. फाइल दिसली, बटण दाबलं, तर पडदा काळाठिक्कर आणि आतून औक्षणाचा गलका. आजी चष्मा लावून, पदर सारखा करून समोर बसलेली. म्हणाली, "अरे, आवाज येतोय, माणसं कुठायत?"

काय सांगू मी तिला?

मला राग येतो तो इथे. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ छापलंय, एमपी४ चालतं. पण एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे दाबण्या-उलगडण्याच्या कोणत्या पद्धतीने भरलंय, आवाज कोणत्या कोडेकने, यावर सगळं ठरतं. काकांचा टीव्ही २०१४ सालचा. त्याच्या चिपला २००३ साली आलेला एच.२६४ कळतो, २०१३ साली आलेला एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, कळत नाही. भाच्याचा फोन मुळातच एचईव्हीसीत रेकॉर्ड करतो, कारण जागा जवळजवळ निम्मी लागते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जुना फॉरमॅट निवडायची सोय आहे, पण ती इतकी आत दडवलीय की पोराला दोन वर्षं फोन वापरूनही माहीत नव्हती. आणि एरवी एखादी फाइल चालली नाही की टीव्ही काय सांगतो? "फाइल सपोर्टेड नाही." अरे, काय सपोर्टेड नाही? डबा, चित्र, आवाज, रिझोल्यूशन, नक्की काय? बहुतेक वेळा त्याने फाइल उघडून आत पाहिलेलं असतं, म्हणून तर नाही म्हणतो. मग कारण सांगायला काय होतं? एका ओळीचा तर प्रश्न आहे. ती ओळ नाही म्हणून माझ्यासारख्या हजारो लोकांच्या रात्री वाया जातात.

फोटोग्राफरची फाइल ९ जीबीची. पेनड्राइव्हची आतली मांडणी फॅट३२ या जुन्या पद्धतीची होती, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही. म्हणून तो एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट केला, तर आता टीव्ही पेनड्राइव्हच ओळखेना. शेवटी फाइलचे तीन तुकडे केले. तेव्हा कळलं की सगळं ४के आहे आणि टीव्हीची धाव फुल एचडीपर्यंतच. गिऱ्हाइकाच्या घरी कोणता टीव्ही आहे हे फोटोग्राफरला एका वाक्यात विचारता येत नाही का? आम्ही पैसे मोजले होते, आणि तो कार्यक्रम पुन्हा होणार नाहीये.

मग सुरू झाली कन्व्हर्टरची वणवण. पहिल्या सॉफ्टवेअरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, पूर्ण मोफत. तीन तास लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता, हात ठेवला तर चटका बसत होता. शेवटी फाइल मिळाली ती पहिल्या एक तृतीयांश भागाची, आणि त्यातही मधोमध, आजीच्या कपाळावर, जिथे कुंकू लावतायत नेमकं तिथे, कंपनीचं नाव. उरलेलं हवं तर पैसे भरा. हे आधी सांगा ना! तीन तास घेतल्यावर सांगता? दुसरी एक वेबसाइट म्हणत होती, व्हिडिओ अपलोड करा. माझ्या घरातल्या बायामाणसांचा, लेकराबाळांचा व्हिडिओ मी कुठल्या अनोळखी सर्व्हरवर का टाकू?

या कन्व्हर्टरवाल्या दुकानदारांनी आणखी एक गोष्ट लपवून ठेवलीय, तिचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. पुष्कळदा आतला माल ठीक असतो, फक्त डबा बदलायचा असतो. एमकेव्हीत एच.२६४ असेल तर एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमला "कॉपी" म्हणून सांगायचं, काही सेकंदांत एमपी४ हातात. चित्राला धक्का लागत नाही. पण या सॉफ्टवेअरांत एकच भलंमोठं बटण, कन्व्हर्ट. दाबलं की सगळं पुन्हा दळायला घेतात, तासन् तास जातात आणि प्रत्येक दळणात चित्र थोडं मरतं. लोक आपल्या लग्नाच्या, बारशाच्या व्हिडिओंची अशी माती करून घेतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

रात्री अकराला हँडब्रेक नावाचं कन्व्हर्टर लावलं. तेही मोफत, पण खरोखरचं मोफत. एच.२६४, १०८०पी, म्हणजे फुल एचडी. पहाटे बघतो तर आजीचा जांभळा शालू राखाडी पडलेला, दिव्यांच्या ज्योती फिकट. फोनने एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजेड आणि रंग पकडणाऱ्या पद्धतीत, १० बिटांत शूट केलं होतं. साध्या टीव्हीसाठी ८ बिटांत आणताना रंगही उतरवून घ्यावे लागतात, ते वेगळं सांगायचं राहिलं. पुन्हा लावलं. आता रंग आले, पण ओठ आधी आणि आवाज मागून. फोन उजेडाप्रमाणे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कमीजास्त करतो, म्हणून तो "कॉन्स्टंट" ठेवायला लागतो. तिसऱ्यांदा लावलं.

एचईव्हीसीच्या पेटंटचे हक्क एका ठिकाणी नाहीत, अनेक कंपन्यांत वाटलेले आहेत, आणि वापरायला लायसन्स लागतं. माझ्या लॅपटॉपने तर स्वतःच्या भाच्याने काढलेला व्हिडिओ बघायला कोडेक विकत घे म्हणून सांगितलं. काही नव्या टीव्हींतून डीटीएस या आवाजाच्या कोडेकची सोय काढून टाकलीय, मग तिथे चित्र दिसतं आणि आवाज गायब. आणि व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर बघा. १९९६ साली पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभा राहिला. एफएफएमपेग २००० साली फाब्रिस बेलार नावाच्या माणसाने सुरू केलं. त्यांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जवळजवळ सगळं उघडतं. मग टीव्हीचे चाळीस-चाळीस हजार घेणाऱ्यांना काय धाड भरलीय?

चौथ्या दिवशी सकाळी आजीने व्हिडिओ पाहिला. पूर्ण, दोनदा. धाकट्या नणंदेला पडद्यावर ओळखून तिने हाक मारली.

दुपारी काकांनी नव्या टीव्हीचं पत्रक पुढे केलं. त्यावर परत तेच, यूएसबी : एमपी४, एमकेव्ही. मी दुकानात फोन लावला. विचारलं, आत एचईव्हीसी १० बिट चालतं का? डीटीएस? एक्सफॅटचा पेनड्राइव्ह? पलीकडून उत्तर आलं, "साहेब, सगळं चालतं."

काकांना सांगून ठेवलंय, पेनड्राइव्ह बरोबर घेऊन जायचं. दुकानात, माझ्यासमोर, भाच्याची मूळ फाइल चित्र आणि आवाजासकट चालली तरच पैसे द्यायचे.