जिना फिरवा, हिशोब शेवटी बघू

बंगला बांधायला काढताय? अभिनंदन! आर्किटेक्टकडे जाण्याआधी पाच मिनिटं इथे बसा. तेवीस वर्षं मी नाशिकात लोकांचे बंगले बांधतोय, पण खरं शिक्षण गेल्या मंगळवारी झालं, आणि ते एकट्यापाशी ठेववत नाही.

झालं असं, की ज्या साहेबांचा बंगला मी बांधला, त्यांच्या दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचा कारभार बघायला जे 'आरपी', म्हणजे रिझोल्यूशन प्रोफेशनल, नेमलेत, त्यांच्या ऑफिसातून मेल आला. आपला दावा ११,०२,००० रुपये. मंजूर १,४०,०००. उरलेले ९,६२,००० नामंजूर, कारण ते आयटम वर्क ऑर्डरमध्ये नाहीत आणि कंपनीची लेखी मंजुरी नाही. थोडक्यात, ते काम झालंच नाही. संध्याकाळी मुद्दाम गाडी त्या रस्त्याने नेली. न झालेलं कंपाऊंड सहा फूट उंच उभं होतं. वर दिवेही लागले होते.

तर ही विद्या आता तुमच्या हवाली करतो.

सुरुवात सातबाऱ्यापासून. प्लॉट बायकोच्या नावावर घ्या आणि वर्क ऑर्डर मात्र कंपनीच्या लेटरहेडवर द्या. कंत्राटदाराला संशय येत नाही, उलट छाती फुगते. कंपनीचं काम मिळालं म्हणून घरी पेढे नेतो. (मी नेले होते.) पुढे कंपनी बुडते आणि बंगला तरंगतो.

करार काटेकोर करा. चौरस फुटामागे चाळीस रुपयांसाठी चार बैठका घ्या, सिमेंटचा ब्रँड लिहून घ्या, उशिराचा दंडही लिहून घ्या. एकदा सही झाली की मात्र त्यानंतरचं सगळं तोंडी.

जास्तीचं काम ऑफिसात कधी सांगू नये. ते साईटवर सांगावं, संध्याकाळी, चहा घेताना, खांद्यावर हात ठेवून. त्याची एक खास भाषा आहे. 'जाता जाता' म्हणजे पंप रूम. 'तेवढं बघून घ्या' म्हणजे जमिनीखालची टाकी दहा हजार लिटरची वीस हजारांची. 'आता केलंच आहे तर' म्हणजे चार फुटांचं कंपाऊंड सहा फूट. कंत्राटदार खिशातून वही काढायला लागला, की दुखावल्यासारखा चेहरा करा आणि म्हणा, "एवढा विश्वास नाही का? आपण काय पळून जाणार आहोत?" वही परत खिशात जाते. तेवीस वर्षांत मी एकदाही ती बाहेर ठेवू शकलो नाही.

मोठे बदल वहिनींनी सांगावेत. वहिनी कंपनीच्या संचालक नसाव्यात.

आणि आता जिना. जिन्यावर जरा सविस्तर बोलू, कारण जिना म्हणजे या शास्त्राचं शिखर आहे. आधी तीन महिने आर्किटेक्टशी चर्चा करून जिन्याची जागा ठरवा. नकाशावर सही करा. सेंट्रिंग लागू द्या, सळई बांधू द्या, दोन्ही टप्पे भरू द्या, एकवीस दिवस पाणी मारू द्या. मग एका रविवारी वास्तुतज्ज्ञ आणा. तो दारातच थबकेल, डोळे मिटेल आणि सांगेल की जिना उलटा चढतो, घड्याळाच्या दिशेने चढला पाहिजे, नाहीतर घरात पैसा टिकत नाही. सोमवारी सकाळी फोन करा. "जिना फिरवा. हिशोब शेवटी बघू."

फिरवा! जसा काही तो देव्हाऱ्यातला दिवा आहे. आरसीसीचा जिना फिरत नाही हो, तो फोडावा लागतो. भाड्याचा ब्रेकर, चार बिगारी, सहा दिवस धूळ. कापलेली सळई भंगारात. राडारोड्याच्या ट्रॉल्या कुठे रिकाम्या करायच्या, ते वेगळंच. मग नवं सेंट्रिंग, नवी सळई, नवं काँक्रीट, पुन्हा एकवीस दिवस पाणी, आणि तोवर वरच्या मजल्यावरचे गवंडी परातीतून माल शिडीने चढवणार. २,१८,००० रुपये, त्यात माझा नफा एक पैसा धरलेला नाही. त्या वास्तुतज्ज्ञाला त्याची दक्षिणा त्याच रविवारी पाकिटात मिळाली. रोख. मी समोर उभा होतो. आणि एवढं करून पैसा टिकला का? कंपनी दिवाळखोरीत! मग तो जिना आता कोणत्या दिशेने फिरवायचा, तेही विचारून सांगा.

असो. उपरोध चाललाय, त्यात राग नको.

व्हॉट्सॲपवर मात्र जरूर राहा. कंत्राटदार फोटो टाकेल, खाली लिहील, 'साहेब, टाकीचे १,६५,००० जास्तीचे होतील.' त्यावर नुसता अंगठा पाठवा. सावकाराच्या वहीवरच्या अंगठ्याने आमच्या आजोबांची जमीन गेली. या अंगठ्याने टाकीचं बिलसुद्धा निघत नाही. तो टाकीला होता की पैशाला, हे सिद्ध होत नाही म्हणे.

आता कायदा, आणि तो तुमच्याच बाजूला आहे. २०१६ची दिवाळखोरी संहिता आली तेव्हा एक लाख थकले तरी माझ्यासारखा माणूस कंपनीला न्यायाधिकरणात खेचू शकत होता. २४ मार्च २०२०ला, म्हणजे ज्या रात्री लॉकडाऊन जाहीर झालं त्याच दिवशी, ती मर्यादा एक कोटी झाली. तेव्हा कोणाही एका कंत्राटदाराचे एक कोटी थकवू नका. अकरा-अकरा लाख दहाजणांचे थकवा, त्यातला एकही एकट्याने दार ठोठावू शकत नाही. शिवाय मधूनच एखादा तक्रारीचा मेल टाकून ठेवा, 'भिंतीला ओल दिसते' असा. नोटिशीच्या आधीपासूनचा खरा वाटावा असा वाद दाखवता आला, की कंत्राटदाराचा अर्ज दारातच अडतो. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्येच स्पष्ट केलंय. ओल असायलाच हवी असं नाही, पण वादाला थोडा तरी वास हवा.

मग बँकेलाच कंपनीला दिवाळखोरीत नेऊ द्या. अर्ज दाखल करून घेतला, की कंपनीवर दावे लावायला बंदी येते. साहेबांना शांत झोप लागते. मला हे कळलं टाइल्सवाल्याकडून. त्याने पेपरातली जाहीर सूचना दाखवली. दावा द्यायला चौदा दिवस, त्यातले नऊ संपलेले. फॉर्म बी भरला, बिलं लावली, साईटचे फोटो लावले. कर्ज देणाऱ्यांची समिती बसते, तिच्यात बँका मतं देतात. मी कोण? 'ऑपरेशनल क्रेडिटर', म्हणजे कामाचे किंवा मालाचे पैसे अडकलेला. नाव भारी आहे, मत नाही.

आणि कंपनी मोडीत निघाली तर पंगत बसते. आधी प्रक्रियेचा खर्च जेवतो. मग तारणवाल्या बँका आणि कंपनीचे कामगार, मग बाकीचे कर्मचारी, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकार. त्यानंतर आम्ही. आमच्यामागे फक्त शेअरवाले. शेवटच्या पंगतीला निदान मठ्ठा तरी असतो! माझे गवंडी, ज्यांनी तो जिना दोनदा चढवला, ते त्या कामगारांत धरत नाहीत. ते माझे. त्यांची आठवड्याची मजुरी दर बुधवारी मी दिली, बायकोची पाटली गहाण ठेवून दिली.

कंपनी नाही म्हणून हिरमुसू नका. साध्या माणसासाठी मुंबईबाहेर अजून १९२०चा प्रांतिक नादारी कायदा आहे. त्यात ५०० रुपयांच्या देण्यावरही नादारीचा अर्ज करता येतो. पाचशे रुपयांत आज बिगाऱ्याची हजेरी निघत नाही.

वकील म्हणाले, एक वाट आहे. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७०: फुकट म्हणून न केलेल्या कामाचा लाभ जो घेतो, त्याने मोबदला द्यायचा. कंपनीवर बंदी असली तरी जागा वहिनींची, लाभही वहिनींचा, लावा दिवाणी दावा. मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं, त्यातलं दीड वर्ष 'बघू, बघू' ऐकण्यात गेलंय. म्हणजे ज्या बाईंच्या हातचे पोहे दोन वर्षं खाल्ले, त्यांना समन्स. वकीलपत्रावर सही करून आलोय. बिघडवलंत ना सगळं!

नाही, आता उपरोध पुरे. साहेब, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमच्यासारखे दहाजण वाचतायत, त्यांनी ऐका. धंदा बुडतो, मान्य आहे. माझ्या बापाचाही बुडाला होता, त्यांनी वीटभट्टीवाल्याचे पैसे चार वर्षं हप्त्याने फेडले. पण तुमची कंपनी बुडतेय हे तुम्हाला जिना फोडायच्या आधीपासून माहीत होतं. बँकेच्या नोटिसा ड्रॉवरमध्ये होत्या आणि तुम्ही कंपाऊंड दोन फुटांनी वाढवत होतात. याला नादारी म्हणत नाहीत, याला चोरी म्हणतात. त्या ९,६२,००० वरचा जीएसटी मी खिशातून भरलाय. काम झालं हे सरकारला पटलं, फक्त तुम्हाला आठवत नाही. एका कागदावर 'हो, हे मी सांगितलं होतं' एवढं लिहून द्यायला तुमच्या खिशातून काय जाणार होतं? आरपी विचारत होते. तुम्ही सांगितलंत, "असं काही आठवत नाही."

आणि काल संध्याकाळी तुमचा फोन. जुनाच गोड आवाज. "अहो, ते गच्चीवरचं पत्र्याचं शेड गळतंय, जरा माणूस पाठवता का?"

कोणतं शेड, साहेब? १,७४,०००चं? ते तर बांधलंच नाही. मेल आलाय मला तसा. न बांधलेलं शेड गळत नसतं. माणूस पाठवणार नाही. नाशिकला पाऊस अजून दोन महिने आहे, खाली बादली ठेवा.