स्टुलावर बसण्याची कला

पुढच्या जन्मी हत्ती व्हायचं ठरवलं असेल आणि उभा जन्म जंगलात पाला ओरबाडण्यात घालवायचा नसेल, तर सरळ सर्कस गाठा. शक्यतो हत्तीणच व्हा. नराला वयात आल्यावर मद चढतो, मग तो कुणाच्या बापाला जुमानत नाही. असले नट मालकाला परवडत नाहीत.

शिक्षण लहानपणीच सुरू करा. आईपासून जितक्या लवकर तोडतील तितकं बरं. आई जवळ असली की पोरं लाडावतात. मग स्टुलावर बसायला शिका. तीन टनांचा देह चौरंगाएवढ्या जागेवर तोलायचा, पुढचे पाय वर, चेहरा हसरा. जमत नसेल तर कानामागे अंकुश लागतो, की लगेच जमतं. काही दिवसांनी तो टोचावाही लागत नाही, नुसता दिसला तरी पुरतो. प्रेक्षक म्हणतात, ‘बघा, कशी इशाऱ्यावर ऐकते!’ हत्तीची कातडी जाड असते, असं समजून लोक निर्धास्त असतात. त्याच कातडीवर बसलेली माशी तुम्हाला कळते, हे मात्र कुणाला सांगत बसू नका.

खेळ नसेल तेव्हा एक पुढचा आणि एक मागचा पाय साखळीत असेल. उरलं काय, तर अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे. तेवढंच करत राहा, तासन्‌तास, डोकं हलवत. पोरं ओरडतील, ‘आई, हत्ती नाचतोय!’ आई मोबाइल काढेल.

नाचावरून आठवलं, न्यूयॉर्कमध्ये 1942 साली 50 हत्तींना घागरे नेसवून बॅले करवला होता. संगीत स्त्राविन्स्की या नामवंत संगीतकाराचं. कलेची सेवा म्हणतात ती हीच!

राग मात्र गिळायला शिका. 1916 मध्ये मेरी नावाच्या हत्तिणीनं माणूस मारला, तर टेनेसीत तिला रेल्वेच्या क्रेनला टांगून फाशी दिली. पहिली साखळी तुटली, मग दुसरी आणली. एवढी मेहनत लोक कुणासाठी घेतात हल्ली?

कीर्ती हवी तर जंबोसारखी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं 1882 मध्ये या हत्तीला बार्नम नावाच्या अमेरिकेतल्या सर्कसमालकाला विकलं. तीन वर्षांनी कॅनडात, खेळ संपवून गाडीकडे नेताना, मालगाडीनं त्याला उडवलं. बार्नमनं हाय खाल्ली नाही. सांगाडा वेगळा, पेंढा भरलेलं कातडं वेगळं. एका नटाचे दोन नट झाले. मेल्यावरही फिरती चुकली नाही. नंतर सांगाडा न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेला, कातडं टफ्ट्स विद्यापीठात. तिथं 1975 च्या आगीत ते जळालं. राख कुणीतरी पीनट बटरच्या बरणीत भरून ठेवली.

हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं आपण म्हणतो ना? तेही खरंच राहिलंय. आगीच्या आधीच वेगळं झालं होतं, म्हणून वाचलं. विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात आहे.