अप्पूचं काय एवढं, म्हणे

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबणार आहे, वेळ नसेल त्यांनी खुशाल स्क्रोल करा. आमच्या एका ग्रुपवर कुणीतरी बंगळुरातल्या कंठीरवा स्टुडिओतला व्हिडिओ टाकला, कन्नड सिनेमाचा स्टार पुनीत राजकुमार याच्या समाधीपुढची रांग. झालं, खाली लगेच सुरू. "साऊथवाल्यांना कामधंदे नाहीत का", "नटाला देव करतात हे लोक", हसून लोळणाऱ्या इमोजी. आणि एकाने विचारलं, कोण हा पुनीत? अरे माहीत नाही तर गप्प बसावं ना माणसाने!

मी बंगळुरात राहते. 29 ऑक्टोबर 2021 ला दुपारी आमचे इस्त्रीवाले अण्णा कपडे घेऊन आले, निम्मे तसेच चुरगळलेले. "अप्पू होगबिट्रू" एवढंच म्हणाले, गठ्ठा दारात ठेवला आणि पैसे न घेताच गेले. अप्पू गेला. पुनीतला इथे सगळे अप्पूच म्हणतात. 46 वय. अण्णांच्या गाडीवर त्याचा फोटो आधीपासून होता, मला वाटायचं असतं एकेकाला वेड, आपल्याकडे नाही का रिक्षावर असतात फोटो.

आता हे "नट" म्हणजे कोण ते ऐका. कन्नडचे सुपरस्टार राजकुमार (हिंदीतले नव्हेत), त्यांचा धाकटा मुलगा, अंगावर असताना कॅमेऱ्यापुढे आला. हो, स्टारचा पोरगा, आयतं ताट मिळालं, मान्य. पण 'बेट्टद हूवु' बघा एकदा. गरीब घरातला पोरगा डोंगरातली फुलं गोळा करून पैसे साठवतो, त्याला कन्नड कवी कुवेंपूंचं रामायण विकत घ्यायचंय, आणि शेवटी घरच्यांसाठी घोंगडं घेऊन येतो. पुस्तक राहतं. त्या कामासाठी 1985 चं बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं त्याला, तेही बापाच्या नावावर मिळालं म्हणणार का? त्याच्याही आधी 'भाग्यवंत'मध्ये "बान दारियल्ली" गायला होता, एवढंसं पोर, तो आवाज ऐका आणि मग टाका इमोजी.

मोठा झाल्यावर 2002 मध्ये 'अप्पू', मग पॉवर स्टार वगैरे. त्यातले बरेच सिनेमे मसाला आहेत, एक फाइट मारली की दहा गुंड हवेत, मी काही सगळे बघू शकलेले नाही. पण हिरो म्हणून सगळं कन्नडमध्येच केलं, मुंबईकडे डोळे लावून बसला नाही. दुसऱ्यांच्या सिनेमात गायचा त्याचे पैसे समाजकार्याला. कर्नाटकातल्या सहकारी नंदिनी दुधाच्या जाहिराती फुकट केल्या, वडिलांसारख्याच. (ते अमुक शाळा आणि तमुक अनाथाश्रमांचे आकडे घालून फिरणारे फॉरवर्ड मी बाजूलाच ठेवते, त्यांची गरजच नाही.)

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पीआरके प्रॉडक्शन्स, त्याची सिनेमे काढायची कंपनी. 'कवलुदारी', 'लॉ', 'फ्रेंच बिर्याणी', एकातही हिरो हा स्वतः नाही! एवढा मोठा स्टार, त्याने स्वतःला घेऊन सिनेमा काढला असता तर डोळे झाकून चालला असता, पण पैसे लावले दुसऱ्यांच्या गोष्टींवर. आपल्याकडे रितेशने 'बीपी', 'यलो' काढले, हो, माहितीय, कमेंटमध्ये नाम फाउंडेशनही आणाल, तेही मान्य. पण बाकीचे? स्वतःच्या पोस्टरवर स्वतःचंच तोंड किती मोठं याचीच काळजी.

तर अण्णा. काही दिवसांनी एक फॉर्म घेऊन आले, नेत्रदानाचा. पुनीतचे डोळे दान केले होते घरच्यांनी, वडिलांचेही केले होते, आणि डॉक्टरांनी प्रत्येक कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचे, थर वेगळे करून दोन डोळ्यांत चौघांना दृष्टी दिली. त्यानंतर इथे नेत्रदानाचे फॉर्म भरायला ही झुंबड. अण्णांना बारीक अक्षर दिसत नाही, कागद हात लांब करून धरलेला, कोळशाच्या काळ्या अंगठ्याचा ठसा आधीच कोपऱ्यावर उमटलेला. मला म्हणाले भरून द्या मॅडम. बायको तयार नव्हती, वरती आंधळं जावं लागतं म्हणे. यांनी तिला काय सांगावं? अप्पू गेला ना तसाच, मग मलाही चालेल.

आता सांगा, याला वेड म्हणायचं?

बरं, दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर म्हणाल एकतर्फी. 2006 मध्ये राजकुमार गेले तेव्हा याच शहरात जाळपोळ झाली, माणसं मेली. पुनीतच्या वेळीही काही चाहत्यांनी जीव दिला. वाईटच ते, त्याचं समर्थन कोण करेल. पण कंठीरवा स्टेडियमबाहेर अंत्यदर्शनासाठी रात्रभर उभी राहिलेली ती अफाट गर्दी, त्यातली बहुतेक नुसती रडत होती हो, पोरं, म्हाताऱ्या, ऑफिसातून सुटून आलेली माणसं.

आणि सीमाभागातल्या माझ्या मित्रांनो, तुमचं दुखणं मला कळतं, बेळगावचा विषय निघाला की माझंही रक्त तापतं. त्याचा राग या माणसावर कशाला काढता? बेळगाववर वेगळी पोस्ट करा, मी स्वतः शेअर करीन.

ग्रुप सोडलेला नाही. अण्णांचा फॉर्म मी भरला त्याच दिवशी माझाही भरला, तेवढं तिथे लिहून आलेय. अजून एकाचीही इमोजी आलेली नाही.